साडूंचा कडू वेल

गोदावरीच्या दोन्ही काठांवर मिळून आमच्या साडूंइतका निरोगी माणूस सापडायचा नाही, आणि या गोष्टीचा मला जितका त्रास झालेला आहे तितका माझ्या मधुमेहाचाही झालेला नाही. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान. वयानं माझ्याहून थोडेसेच लहान, पण आम्ही दोघं कुठल्या लग्नात शेजारी उभे राहिलो की लोक मला आधी खुर्ची देतात आणि त्यांना अक्षता वाटायला सांगतात. डोक्यावर काळेभोर केस, तोंडात सगळे दात स्वतःचे, आणि जिना चढताना कठड्याला हात लावायचा नाही अशी कुणी शपथ घातल्यासारखी चाल. जिलबी समोर आली की मी ताटावर हात आडवा धरतो आणि ते शेजारून म्हणतात, "अण्णांची मला वाढा." रक्ताचा रिपोर्ट त्यांनी लॅमिनेट करून घेतलेला आहे. आल्यागेल्याला तो ते लग्नाच्या अल्बमसारखा दाखवतात, आणि "ही आमची साखर, हे आमचं कोलेस्टेरॉल" अशी एकेकाची ओळख करून देतात. साठीनंतर देवानं माणसाला थोडीफार मोडतोड द्यावी असं माझं मत आहे. चार माणसांत बोलायला काहीतरी विषय राहतो. साडूंशी या वयात बोलायचं तरी कशाबद्दल?

मूळचे ते दिंडोरीकडचे, द्राक्षबागाईतदार. बाग आता मुलगा बघतो आणि हे गंगापूर रोडला बंगला बांधून राहतात, पण बागाईतदाराचा स्वभाव बंगल्यात राहिल्यानं जात नाही. कुठलीही गोष्ट त्यांना अर्धीमुर्धी करता येत नाही. शेवग्याची पानं गुणकारी असतात असं ऐकलं, तेव्हा त्यांच्या घरी चहा सोडून सगळ्यात शेवगा पडत होता. तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याचं वेड आलं, तेव्हा त्यांनी गच्चीवरच्या टाकीलाच तांब्याचा पत्रा मारता येईल का याची चौकशी केली होती. ही सगळी वेडं आली आणि गेली. पण तीन-साडेतीन वर्षांपूर्वी त्यांच्या आयुष्यात झॅन्थोह्युमॉल आलं आणि मुक्कामालाच राहिलं.

हा शब्द मला उच्चारायला महिना लागला. साडू तो पहिल्या दिवसापासून घरच्या नातवाचं नाव घ्यावं तसा घेत होते. हॉप्स नावाचा एक वेल असतो. त्याला सुपारीएवढी, हिरव्या पाकळ्यांची बोंडं लागतात, आत पिवळी भुकटी असते, आणि तिच्यात हे द्रव्य असतं. "अण्णा, लय पावरफुल हाय," साडू माझ्या सोफ्यावर मांडी घालून सांगत होते. "सूज उतरवतं, चरबी कमी करतं, साखर धरून ठेवतं, यकृत धुऊन काढतं. झोप तर अशी लागती म्हणता!" माझी मुलगी फार्मसी कॉलेजात शिकवते. ती शांतपणे म्हणाली, "काका, प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर चांगलं दिसलंय. माणसांवरचं काम अजून फार थोडं आहे. शिवाय पोटात गेलेल्यातलं रक्तात उतरतं तेही थोडंच." यावर दुसरा कुणीही वरमला असता. साडू म्हणाले, "मग मी काय उंदरापेक्षा वाईट हाय का?" आणि आमची ही, जी माझ्या विनोदाला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीनंतर हसलेली नाही, ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

आता यातली गंमत अशी की हॉप्स जगात मुख्यतः एकाच कामाला वापरतात, बिअरला कडूपणा आणायला. आणि साडू म्हणजे असा माणूस की परमिट रूमची पाटी दिसली तर रस्त्याची बाजू बदलतात. दिंडोरीत चहूकडे वाइनरी झाल्या, पण यांनी आपलं द्राक्ष तिकडे जाऊ दिलं नाही. खाण्याचं द्राक्ष खाण्यातच जायला पाहिजे म्हणतात. मी त्यांना हे मुद्दाम विचारलं. म्हटलं, साडूबुवा, बिअरचं झाड तुम्हाला कसं चालतं? ते गंभीरपणे म्हणाले, "बिअर हे त्या फुलाचं दुर्दैव हाय, अण्णा. फुलाचा काय दोष?" आणि हे फूल मिळवायला हा माणूस शहराबाहेरच्या एका बिअर बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात भरदुपारी स्वतः चालत गेला. कपाळाला गंध, डोक्याला टोपी. तिथल्या पोरांनी कौतुकानं एक पाकीट बांधून दिलं. ते छातीशी धरून बाहेर पडताना त्यांना आमच्याच नात्यातल्या एकानं पाहिलं, आणि संध्याकाळपर्यंत बातमी सगळ्या गोतावळ्यात पोचली की धाकटे जावई प्यायला लागले. खोटं कशाला बोलू, ते दोन दिवस माझे फार आनंदात गेले. मी चेहरा दुःखी ठेवून चार ठिकाणी फोनही केले. तिसऱ्या दिवशी सासूबाईंकडे विषय निघाला तर त्या म्हणाल्या, "कुणाच्या तरी औषधासाठी गेले असतील बिचारे." मी असा कुठं दिसलो असतो तर कुणाच्या औषधासाठी गेलो म्हणाल्या असत्या, हे मी त्यांना विचारलं नाही.

पाकीट संपल्यावर साडूंनी वेलच लावायचं ठरवलं. हिमाचलातून, थंड डोंगरातून कुणाकडून तरी आल्याच्या तुकड्यासारखं एक मूळ मागवलं आणि बंगल्याच्या आवारात लावलं. द्राक्षाशिवाय दुसरा वेल त्यांनी जन्मात वाढवलेला नाही, त्यामुळं याचंही सगळं द्राक्षासारखं झालं. लोखंडी अँगल, त्यावर तारा, ठिबक. द्राक्षाची छाटणी एप्रिल आणि ऑक्टोबरात होते, तर याचीही दोनदा झाली. बिचारा वेल दरवेळी नवा फुटवा घेऊन वर यायचा, बहुधा भीतीनं. मग कुणीतरी सांगितलं की या वेलाला फुलायला मोठा दिवस लागतो, तिकडं परदेशात उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो. साडूंनी लगेच मांडवावर बल्बांच्या माळा सोडल्या. दिवेलागणीला ते झगमगायला लागले तशी शेजारीण विचारायला आली, "साखरपुडा कुणाचा?" साडू म्हणाले, "कुणाचा नाय. याला वाटलं पाहिजे की अजून दिवस मावळला नाय." बाईंनी घरी जाऊन काय सांगितलं कुणास ठाऊक, पण त्यानंतर बरेच दिवस त्या गल्लीतली माणसं माझ्या मेव्हणीशी फार हळू आवाजात बोलत होती.

इथपर्यंत सगळं मी सहन केलं असतं. माणसाचे केस, दात, साखर, बंगला, माझ्या बायकोला हसवणं, सगळं. पण त्या वेलाचा काढा तयार व्हायला लागला तसे साडू तो थर्मासात भरून रोज सकाळी स्कूटरवरून पंचवटीत सासूबाईंकडे न्यायला लागले, आणि तिथं माझं डोकं फिरलं. हे नीट सांगायला पाहिजे. माझी आई मी शाळेत जायच्या आधीच गेली. लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी मला ओवाळलं, पाटावर बसवून शेजारी बसून वाढलं, आणि मी जेवताना भाताचा घास हातातच राहिला होता. तेव्हापासून ते घर माझं आहे असं मी मनाशी धरून होतो. सासरे गेले, मेहुणा पुण्याला गेला, सासूबाई पंचवटीतल्या त्या अरुंद बोळातल्या दोन खोल्या सोडायला तयार नाहीत. मी दर रविवारी जातो. मी गेलो की पाट मांडला जातो, पोहे होतात, त्यावर ओलं खोबरं पडतं. थोरले जावई म्हणून माझा तो मान आहे, आणि तो मी कुणाला वाटून देणार नव्हतो. तर एका रविवारी पोहे वाढताना सासूबाई अगदी सहज म्हणाल्या, "धाकटे रोज येतात हो." आमच्या पाटबंधारे खात्यात एका माणसाला माझ्या जागी बढती मिळाली होती, तेव्हाही मला असं झालं नव्हतं. पोहे मी संपवले, पण लिंबू पिळायचं विसरलो.

मी जळत होतो. दुसरा शब्द नाही. सासूबाईंचा खोकला कमी झाला तर तो काढ्यामुळं, त्या आता खालच्या वाण्यापर्यंत चालत जातात ते काढ्यामुळं, आणि आमच्या हिचे गुडघे दुखतात ते मी तिला काढा आणून देत नाही म्हणून. काढ्याला सासूबाई नुसतं "ते कडू" म्हणायच्या. "ते कडू घेतल्यापासून सकाळ बरी जाते," असं त्या म्हणाल्या की मला माझ्या सगळ्या रविवारांवर पाणी पडल्यासारखं वाटायचं.

आणि मग देवानं माझ्याकडे पाहिलं. गेल्या वर्षी वेलाला फुलोरा आला होता, तेव्हा साडूंनी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचा फोटो टाकला होता. त्यानंतर मात्र एकही नाही. मला वाटलं, गर्व झाला असेल. यंदा उन्हाळ्यात तो फोटो सहज मुलीला दाखवला. तिनं तो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "बाबा, हा नर आहे." मी म्हटलं, कोण? "वेल. हॉप्समध्ये नर वेगळा, मादी वेगळी. बोंडं मादीला येतात. याला नुसते हे बारीक झुपके येणार. काकांच्या काढ्यात झॅन्थोह्युमॉल असण्यासारखं काही नाहीच." मी तिला पुन्हा सांगायला लावलं. मग आणखी एकदा. मग देवाजवळ दिवा लावायला उठलो तर ही म्हणाली, आज कसला वार?

सांगायला जागाही उत्तम मिळाली. यंदा अधिक महिना होता, म्हणजे धोंड्याचं जेवण. तीन वर्षांतून एकदा सासुरवाडीला जावयांना पुरणाचे धोंडे आणि अनारसे मिळायचा हा दिवस. दोघं जावई शेजारी पाटावर, घरातले सगळे समोर. मी मनात वाक्य बसवून ठेवलं. साधंच बोलायचं, सहज, तूप वाढून झाल्यावर.

त्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेलो. ही आणि मुलगी मागून येणार होत्या. जिना चढतानाच सासूबाईंचा आवाज आला, चांगला खणखणीत. "सालं सगळी फरशीभर! डोळे कुठं असतात तुमचे? आणि त्या पाकळ्यांना नखं लावू नका म्हटलं ना?" मी दारातून डोकावलो. स्वयंपाकघरात फरशीवर, पाट नाही, चटई नाही, आमचे साडू मांडी घालून लसूण सोलत बसले होते. खांद्यावर ओला पंचा, शेजारी रिकामा थर्मास. मान खाली, आणि चेहरा असा खूश की मला दारातच अडखळायला झालं. तेवढ्यात सासूबाईंनी मला पाहिलं. "अगंबाई, थोरले आले!" त्यांनी पदर सावरला, लगबगीनं बाहेर येऊन पाट मांडला, पाण्याचा तांब्या ठेवला, पंखा लावला. गुडघ्याला हात लावून उठताना त्यांना धाप लागली होती. मी म्हटलं, मी पण आत बसतो की. "छे छे, तुम्ही कशाला? तुम्ही बसा आरामात." आणि मी पाटावर आरामात बसून आतलं बोलणं ऐकत राहिलो.

पंगत बसली. धोंडे आले, अनारशांचं ताट हातात मिळालं, कुंकू लागलं. सासूबाई तूप वाढत होत्या. साडू म्हणाले, "अण्णा, आज तरी दोन घोट काढा घ्या, पुरण पचंल." यापेक्षा चांगली वेळ परमेश्वरालाही आणता आली नसती. मी म्हटलं, "साडूबुवा, तुमचा वेल नर आहे. त्याला बोंडं यायची नाहीत. त्या काढ्यात काही नाही."

साडूंनी मान वर केली नाही, नुसता धोंडा फोडत राहिले. ही माझ्याकडे अशी पाहत होती की घरी जाऊन काय होणार ते मला कळलं. पण मी पाहत होतो सासूबाईंकडे. तुपाची वाटी त्यांच्या हातात तशीच थांबली होती. त्या साडूंकडे वळल्या आणि अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "मग आता बंद व्हायचं का?"

मी त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. सासरे गेले तेव्हाही त्या आमच्यासमोर खणखणीतच होत्या. मला माझाच आवाज ऐकू आला, "नाही नाही, बंद कशाला? पानांतही असतं ना थोडं. असतं की नाही ग?" मुलीनं माझ्याकडे एकटक पाहिलं. तिला तिच्या शास्त्राबद्दल फार अभिमान आहे. मग ती ताटाकडे बघत म्हणाली, "असतं. अगदी थोडं." सासूबाईंनी तुपाची धार सोडली, साडूंच्या ताटात आधी, मग माझ्या. आणि पुन्हा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "नर असो नाहीतर मादी, कडू आहे ना? मग झालं."

जेवणानंतर साडू खाली स्कूटरजवळ उभे होते. मी काहीतरी बोलणार होतो, काय ते अजून ठरलं नव्हतं. तेच म्हणाले, "मला ठाऊक व्हतं, अण्णा. पहिला फुलोरा आला तवाच कळलं." मी म्हटलं, मग थर्मासात काय असतं? "गवती चहा. आन् कडू लागावं म्हणून जरासा काडेचिराईत. त्यांच्या डॉक्टरला इचारून घेतलंय." मग हे सगळं कशासाठी? साडूंनी इकडं तिकडं पाहिलं. "आता तुम्हीच सांगा. जावई रोज रोज सासुरवाडीला जातो, बरं दिसतं का? आन् गेलो असतो तर पाट, पोहे, ताटाभोवती रांगोळी. चार दिवसांत म्हातारीनं पोह्यांपायी अंथरूण धरलं असतं. औषध घेऊन गेलं की माणूस जावई राहत नाय. कंपाउंडर व्हतो. कंपाउंडरला कोणी पाट मांडत नाय." थर्मास त्यांनी पायाशी ठेवला आणि किल्ली शोधायला लागले. "पपईत नर निघाला की आपण उपटून टाकतो. ह्याला नाय टाकवलं मला."

मी घरापर्यंत चालत गेलो. हिला आणि मुलीला रिक्षानं पाठवलं. इतके दिवस मला वाटत होतं की साडूंना माझ्यापेक्षा जास्त मान मिळतोय. त्यांना तो अजिबात मिळत नव्हता. त्यांना बोलणी मिळत होती. मला आठवेना की माझ्यावर असं कुणी कधी फरशीवरच्या सालांवरून ओरडलं असेल. ज्या वयात ओरडून घ्यायचं त्या वयात घरी ओरडणारं कुणी नव्हतं, आणि नंतर मी थोरला जावई झालो. त्या संध्याकाळी मी साडूंवर जितका जळलो तितका त्यांच्या केसांवरूनही कधी जळलो नव्हतो.

ऑक्टोबरात छाटणी आली. बागेत माणसं कमी म्हणून साडू दिंडोरीला मुक्कामाला गेले, आणि जाताना थर्मास माझ्याकडे देऊन गेले. काढा कसा करायचा तेही सांगून गेले. "लय गोड नका करू, वळखतील." पहिल्या दिवशी सासूबाईंनी पाट मांडला, पोहे केले. मी म्हटलं, मी औषध द्यायला आलोय, पोहे खायला नाही. तरी पोहे झाले. दुसऱ्या दिवशी नुसता चहा झाला, तोही कपबशीतच. त्यानंतर एकदा चहा स्टीलच्या पेल्यात आला आणि मला घरी हिला सांगितल्याशिवाय राहवलं नाही. तिला त्यात काय विशेष ते समजलं नाही. मी रोज जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायचो, त्या काढा घेऊन तोंड वाकडं करायच्या, खालच्या बोळातल्या भाजीवालीचं, पुण्याच्या नातवाचं काहीबाही बोलायच्या. मग एका सकाळी त्या आतून मेथीची जुडी घेऊन आल्या आणि माझ्यासमोर जमिनीवर ठेवली. "बसलाच आहात तर एवढी निवडून द्या."

मी माझ्या नोकरीत कुठली फाइल इतक्या काळजीनं हाताळली नसेल. पान न् पान बघून काढलं. सासूबाईंनी शेवटी परात पुढं ओढली, बोटांनी मेथी चाळून पाहिली, आणि म्हणाल्या, "किती वेळ लावता हो! दुपार होईल अशानं." चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. मी खाली आलो तेव्हा बोळात रिक्षा अडकल्या होत्या, कुणीतरी कुणाशी तरी भांडत होतं, आणि मला बराच वेळ माझ्या स्कूटरची किल्ली सापडत नव्हती, कारण नीट दिसत नव्हतं.

छाटणी आटोपून साडू परत आले ते सरळ माझ्याकडे, थर्मास न्यायला. हात पुढं केला. मी म्हटलं, "राहू दे अजून दोन-चार दिवस. तुम्ही दमला असाल." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग थर्मासाकडे पाहिलं. मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय दिलं करायला?"

"मेथी," मी म्हणालो.

साडू खुर्चीत बसले. कुठल्याही आधाराशिवाय जिने चढणारा तो माणूस खुर्चीचा हात धरून बसला. "मला लसणाच्या पुढं नाय जाऊ दिलं म्हातारीनं," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लगेच ओळखलं, कारण ते मी माझ्याच आरशात इतकी वर्षं पाहत आलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा ते मला माझ्याच वयाचे वाटले. मी आत जाऊन दोन कप चहा टाकायला सांगितला, त्यांच्यात साखर, माझ्यात नाही. मग आम्ही वार वाटून घेतले. रविवार मात्र मी सोडला नाही.